पाठीवरची ९० सेंटिमीटर : सायकल मार्ग आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शहरातील सायकल मार्गांचे आराखडे करणारे, ते मंजूर करणारे आणि त्यांची देखभाल पाहणारे सर्व अधिकारी व अभियंते यांस,

विषय : सायकल मार्गांची मापे ओझ्यासह सायकल गृहीत धरून ठरवण्याबाबत.

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी सायकलवरून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले, तिथे सायकलची एक जुनी फ्रेम पाहून विकत घेतली आणि ती पाठीला बांधून सायकलवरूनच घरी आणली. अंतर जाताना १४ किलोमीटर होते आणि येतानाही तेवढेच. वेळ मात्र जाताना ५० मिनिटे लागला आणि येताना दोन तासांना दहा मिनिटे कमी. फ्रेम आणि तिचा पुढचे चाक धरणारा चिमटा मिळून वजन तीन किलोही भरत नव्हते, म्हणजे लिटरभर पाण्याच्या तीन बाटल्या पाठीवर घेतल्यासारखेच होते. तेव्हा हा तासाभराचा फरक वजनाने पडला असे म्हणता येत नाही. तो पडला रुंदीने. माझ्या पाठीवर ९० सेंटिमीटर रुंदीची एक वस्तू होती, आणि ज्या सायकल मार्गाने मी आले तो आखणाऱ्याने सायकलस्वाराच्या पाठीवर, कॅरिअरवर किंवा बाजूला कधीच काही नसते असे धरून चालून तो आखला होता. ते गृहीत माझ्या वाटेत कुठे कुठे आडवे आले, हे मोजमापांसह आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, फ्रेम कोणाकडून तरी घरपोच मागवता आली नसती का, असा प्रश्न आपल्या मनात येईल, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. नवी फ्रेम खोक्यातून येते आणि कारखान्याने छापलेली मापे खरी मानून चालते. जुन्या फ्रेमचे तसे नसते. ती हातात घेऊन, उलटी करून, उजेडात धरून पाहावी लागते. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीच्या मागे, जिथे खालची तिरकी नळी येऊन मिळते तिथे, रंगाला बारीक सुरकुती पडली आहे का हे नख फिरवून बघायचे, कारण समोरून जोरात धडकलेली पोलादी फ्रेम बहुतेक वेळा तिथेच किंचित दुमडते आणि ही दुमड छायाचित्रात सहसा दिसत नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, हलतो का हे स्वतःच्या हाताने पिळून पाहायचे, कारण ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षे ग्रीसशिवाय बसून राहिला तर दोन धातू एकमेकांना असे धरून ठेवतात की तो सोडवण्याची मजुरी फ्रेमच्या किमतीला भारी पडते. पॅडलचा दांडा जिच्यातून जातो ती खालची आडवी नळी ६८ मिलिमीटर रुंद असेल तर तिला बहुधा इंग्रजी आटे असतात, ७० असेल तर इटालियन, आणि या दोहोंतले सामान एकमेकांत बसत नाही. मागचे चाक ज्या दोन खाचांत बसते त्या ड्रॉपआउटमधले अंतर १२० मिलिमीटर असेल तर फ्रेम पाच गिअरच्या काळातली, १२६ असेल तर सहा-सात गिअरच्या, १३० असेल तर त्यानंतरची. पोलादी फ्रेमचे हे अंतर जपून थोडे ताणता येते, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र तसे करायला जाऊ नये.

शेवटी सुतळीची परीक्षा. एका ड्रॉपआउटला सुतळीचे टोक बांधायचे, ती हेड ट्यूबला पुढून वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंची सुतळी किती लांब राहते ते मोजायचे. दोन्ही अंतरे सारखी आली तर मागचा भाग सरळ रेषेत आहे. मी मोजले तेव्हा एका बाजूला २९ मिलिमीटर भरले आणि दुसऱ्या बाजूला ३०, आणि एवढा फरक चालतो. विकणारे गृहस्थ हे सगळे अंगणात उभे राहून शांतपणे पाहत होते. त्यांनी ती सायकल तीस वर्षे चालवली होती. मी सुतळी सोडायला लागले तेव्हा, "ती नाही हो वाकडी, माझा गुडघा वाकडा झालाय," एवढेच ते म्हणाले.

सांगायचे ते हे, की जुनी फ्रेम घ्यायची तर माणसाने जाणे आले, आणि सायकलच्या फ्रेमसाठी जो माणूस शहर ओलांडून जातो त्याच्याकडे बहुधा सायकल असते. तीन किलोंची वस्तू आणायला टनभर वजनाची मोटार बोलवावी, हे तर आपल्याही वाहतूक धोरणात बसणारे नाही.

आता बांधणीबद्दल थोडे, कारण पुढची सगळी मापे तिच्यावर अवलंबून आहेत. चिमटा काढून घेतला, त्याच्या आट्यांना कापड गुंडाळले आणि तो माझ्या सायकलच्या दांडीला लांबीत बांधला. फ्रेम रिकाम्या पाठपिशवीवर सपाट ठेवून चार ठिकाणी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. पंक्चर काढून काढून थकलेली ट्यूब उभी चिरली, की तिच्याइतका चांगला पट्टा विकतही मिळत नाही. ती ताण देते, घट्ट धरते आणि रंगावर ओरखडा उठू देत नाही. पट्ट्यांची टोके आत खोचली, कारण लोंबणारे टोक मागच्या चाकाच्या आऱ्यांत गेले तर चाक जागीच अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ड्रॉपआउटच्या मधे चाकाचा एक जुना एक्सल, म्हणजे आस, नटांसह बसवला, म्हणजे कुठे आपटले तरी मागच्या नळ्या आत दबणार नाहीत. (पुढे तो एक्सल कामी आला, हे आपल्या मार्गाबद्दल पुरेसे बोलके आहे.) टोकदार ड्रॉपआउट रस्त्याच्या कडेकडे आणि बोथट हेड ट्यूब रहदारीकडे, अशी दिशा ठरवली. हे सगळे झाल्यावर टोकापासून टोकापर्यंत ९० सेंटिमीटर भरले. माझ्या हँडलची रुंदी ६२ आहे. दोन्ही बाजूंना मिळून २८ सेंटिमीटर फ्रेम हँडलच्या बाहेर होती, आणि हे पत्र त्या २८ सेंटिमीटरचे आहे.

पहिले चार किलोमीटर साध्या रस्त्याचे होते. तिथे काहीच झाले नाही. वाहने होती, पण रस्ता रुंद होता आणि मागून येणाऱ्या चालकाला पाठीवरची फ्रेम लांबूनच दिसत होती. उलट नेहमीपेक्षा लोक थोडे अंतर राखूनच पुढे गेले, असे मला वाटले. अडचण सुरू झाली ती खास सायकलींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला तिथे.

त्या मार्गाच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांच्या दोन चौकटी आहेत, एक एका कडेने निघालेली आणि दुसरी समोरच्या कडेने, मागेपुढे अशा अंतरावर की सायकलस्वाराने त्यांच्यामधून नागमोडी वाट काढावी. मोजपट्टी खिशातच होती, कारण थोड्याच वेळापूर्वी मी तिने ड्रॉपआउट मोजले होते. चौकटीचे टोक आणि समोरची कड यांमध्ये ८५ सेंटिमीटर जागा आहे, आणि दोन चौकटींच्या मधली जागा १ मीटर १० सेंटिमीटर. माझी सायकल पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पावणेदोन मीटर लांब आहे. सकाळी जाताना याच चौकटींतून मी एक पाय टेकून, हँडल तिरके करून निघून गेले होते, आणि खरे सांगायचे तर त्या माझ्या लक्षातही राहिल्या नव्हत्या. रिकाम्या पाठीने गेलेल्या कोणाच्याही त्या लक्षात राहत नसाव्यात, आणि तक्रार आपल्यापर्यंत न पोहोचण्याचे तेच कारण असावे.

चौकटीजवळ पाटी आहे : सायकलस्वारांनी उतरून चालावे. मी उतरले. पण उतरून चालणारा सायकलस्वार बसलेल्या सायकलस्वारापेक्षा जास्त जागा घेतो, हे पाटी लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. सायकलवर बसल्यावर माणूस आणि यंत्र एकाच रेषेत असतात. उतरल्यावर माणूस सायकलच्या शेजारी येतो आणि दोघांची रुंदी जोडली जाते. मी शेजारी उभी असताना सायकलच्या लांबच्या बाजूच्या मुठीपासून पाठीवरच्या फ्रेमच्या टोकापर्यंत १ मीटर २० सेंटिमीटर भरत होते. ८५ सेंटिमीटरच्या फटीतून ते जाणार नव्हतेच, तरी मी कूस वळवून पाहिले, आणि कमरेच्या उंचीवर असलेला ड्रॉपआउट लोखंडी नळीवर असा वाजला की मागे बाकावर बसलेले दोघे जण वळून पाहू लागले. नट बसवलेला एक्सल मधे नसता तर मागची नळी तिथेच वाकली असती. मग पाठपिशवी उतरवली, फ्रेम चौकटीच्या वरून पलीकडे गवतात ठेवली, सायकल मागच्या चाकावर उभी करून, नाचवत नाचवत दोन चौकटींमधून काढली, परत येऊन पिशवी घेतली आणि सैल झालेल्या पट्ट्या पुन्हा आवळल्या. याला सात मिनिटे लागली. अशा चौकटी त्या मार्गावर पाच ठिकाणी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी हाच सोहळा झाला.

या चौकटी मोटारसायकलींना अडवण्यासाठी आहेत, हे मला माहीत आहे आणि त्यामागची काळजी मी हलकी लेखत नाही. सायकल मार्गावर वेगाने आलेली मोटारसायकल मीही पाहिली आहे आणि तेव्हा मीही आपल्यालाच दोष दिला होता. पण मापाचा विचार करा. मोटारसायकलच्या हँडलची रुंदी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर असते. म्हणजे जी फट मोटारसायकलीला खरोखर अडवील ती ओझे घेतलेल्या सायकलीला, तीनचाकी सायकलीला आणि मुलांचा ट्रेलर जोडलेल्या सायकलीला तिच्याही आधी अडवील, आणि जी फट या सगळ्यांना सोडील ती मोटारसायकलीलाही सोडील. लोखंडाच्या नळीला चालकाचा हेतू कळत नाही. मोटारसायकलींचा बंदोबस्त करायचा तर तो नियमाच्या अंमलबजावणीने करावा लागेल. फटीच्या मापातून तो होणार नाही, आणि झालाच तर त्याची किंमत भलत्यांनाच मोजावी लागेल.

हा माझा एकटीचा तर्क नाही. ब्रिटनच्या परिवहन विभागाने जुलै २०२० मध्ये सायकल मार्गांच्या रचनेसाठी एलटीएन १/२० हे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. रचना करताना कोणती सायकल डोळ्यांसमोर ठेवावी हे त्यात सांगितले आहे, आणि ती आपली नेहमीची सडपातळ दुचाकी नाही. ते २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असे एक कल्पित वाहन आहे, ज्याच्या मापात सामानाच्या, तीन चाकांच्या, ट्रेलर जोडलेल्या आणि दिव्यांग व्यक्ती चालवतात त्या सायकलीही मावाव्यात. मोटारींना अडवण्यासाठी खांब रोवायचे असतील तर त्यांच्यामध्ये किमान १.५ मीटर मोकळी जागा ठेवावी, असे तिथे म्हटले आहे. नागमोडी चौकटी आणि 'उतरून चालावे' अशा पाट्या वापरू नयेत, हे तर त्या मार्गदर्शनाच्या मूळ तत्त्वांतच आहे. १.२ मीटरचे वाहन धरून बांधलेल्या वाटेत माझी ९० सेंटिमीटर सहज गेली असती आणि दोन्ही बाजूंना वीत-वीत नाही तरी १५-१५ सेंटिमीटर जागा उरली असती. या आकड्यांत विशेष धाडस काही नाही. फरक एवढाच, की ते ठरवणाऱ्यांनी मार्ग आखण्याआधी त्यावरून काय काय जाणार हे विचारले.

चौकटींवर मी इतके लिहिले कारण तासातला निम्म्याहून जास्त वेळ तिथे गेला. पण सर्वांत अवघड जागा त्या नव्हत्या. मोठ्या रस्त्याखालून जाणारा भुयारी मार्ग त्याहून वाईट आहे. तिथे जिन्याच्या कडेने सायकल ढकलण्यासाठी लोखंडी पन्हळ बसवली आहे, आणि ती बसवणाऱ्याने चाकाची रुंदी अचूक मोजली आहे. पॅडल आणि हँडल मात्र मोजलेले नाही. पन्हळ भिंतीला इतकी लागून आहे की चाक तिच्यात सरळ ठेवले तर हँडलची मूठ भिंतीवर घासते, आणि घासू नये म्हणून सायकल आपल्याकडे झुकवली तर भिंतीकडचे पॅडल पन्हळीच्या काठाला लागते. रिकाम्या पाठीने माणूस हे कसेबसे सांभाळतो. पाठीवर ९० सेंटिमीटर असताना जिन्यावरून उतरणारे लोक आणि भिंत यांच्यामध्ये मी आडवी अडकले. वळले तर फ्रेम कोणाच्या तरी तोंडाला लागणार, न वळले तर सायकल हातातून सुटणार. एका शाळकरी मुलाने न सांगता पुढचे चाक धरले आणि माझ्या आधी वर चढत गेला. वर पोहोचल्यावर त्याने विचारले, "पण चाकं कुठायत?" मला त्याला सांगावे लागले की चाके घरी आहेत. पन्हळ भिंतीपासून पॅडल आणि हँडल मोकळे राहतील इतकी दूर घेणे हे खर्चाचे काम आहे असे मला वाटत नाही, निदान नवा जिना बांधताना तरी नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, आणि रोजच्या सायकलस्वाराने त्यांच्याशी कधीच तडजोड केलेली असते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या काही ठिकाणी चाकाच्या दिशेलाच समांतर आहेत. माझे टायर २८ मिलिमीटरचे आहे आणि तिथली एक फट ३२ मिलिमीटर भरली. एरवी मी खांद्यावरून मागे पाहते आणि जाळी टाळून आत सरकते. पाठीवर फ्रेम असताना मान वळवली तर नजरेसमोर सीटची नळी येते, त्यामुळे मागचे दिसायला अख्खे धड वळवावे लागते आणि तेवढ्यात जाळी चाकाखाली आलेली असते. उंच, टोकदार गतिरोधकावर फ्रेम उडून हेल्मेटवर आपटते. म्हणजे जी खोट रिकाम्या सायकलीला नुसती त्रासाची, ती ओझ्याच्या सायकलीला धोक्याची होते. रस्त्याची पाहणी रिकाम्या सायकलीवरून केली, किंवा मोटारीतून केली, तर ती दिसणार नाही.

आता माझ्या विरुद्ध जाणारा मुद्दाही मीच मांडते, कारण तो आपल्याकडून येणार आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २७ मध्ये, सायकल चालवण्यात अडथळा आणतील किंवा इतरांना धोका पोहोचवतील अशा वस्तू सायकलस्वाराने वाहू नयेत, असे म्हटले आहे, आणि अनेक देशांच्या नियमांत या ना त्या शब्दांत हेच आहे. माझ्या पाठीवरची फ्रेम अशी वस्तू होती का? प्रामाणिकपणे सांगते, काही अंशी होती. मागे पाहणे अवघड झाले हे मी वर लिहिलेच आहे. हँडलला आरसा लावला असता तर ते बरेच सुधारले असते, आणि पुढच्या वेळी मी तो लावीन. फ्रेम कॅरिअरवर लांबीत उभी बांधली असती तर रुंदी कितीतरी कमी झाली असती, पण माझ्या त्या सायकलीला कॅरिअर नाही. तेव्हा दोष सगळा आपलाच आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की वाहनांच्या रस्त्यावर, जिथे धोका खरा होता, तिथे ही वस्तू कोणाच्याच आड आली नाही. ती आड आली फक्त सायकलसाठी राखून ठेवलेल्या जागेत.

याला जोडूनच एक गोष्ट. सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किती अंतर ठेवावे, याचे नियम आता बऱ्याच ठिकाणी आकड्यांत आहेत. जर्मनीने २०२० मध्ये ते वस्तीच्या आत किमान १.५ मीटर आणि वस्तीबाहेर २ मीटर असे ठरवले. हे अंतर ओझ्याच्या टोकापासून धरायचे, हँडलपासून की टायरपासून, हे कागदावर क्षुल्लक वाटते. पण सायकलचा पट्टा आखताना ते ठरवावेच लागते, कारण उभ्या मोटारींच्या रांगेला लागून आखलेल्या अरुंद पट्ट्यात एका बाजूला अचानक उघडणारे दार असते आणि दुसऱ्या बाजूला धावती वाहने. तिथे २८ सेंटिमीटर जास्त लागली तर ती दोहोंपैकी एका बाजूकडूनच घ्यावी लागतात. मी ती धावत्या वाहनांकडून घेतली आणि दोन हॉर्न ऐकले.

फ्रेम घेऊन शहरभर फिरणारे रोज किती जण असतील, असे कोणी विचारील. बहुधा एकही नाही. ज्या चौकटीला मी अडले तिलाच पाठीवर मोठे वाद्य घेतलेला अडेल, कॅरिअरला शिडी बांधलेला रंगारी अडेल, दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली बाई अडेल, मुलाला ट्रेलरमध्ये बसवलेला बाप अडेल, आणि कुबड्या सायकलीला आडव्या बांधून चालवणारा, ज्याला उतरून चालणेच शक्य नाही, तो तर तिथेच थांबेल. हे लोक आपल्याला मोजणीत दिसत नाहीत, कारण मोजणी मार्गावर आलेल्यांची होते आणि हे चौकटीपासून मागे फिरलेले असतात. त्यांच्या न दिसण्याचा अर्थ, ओझ्यासह सायकल चालवणारे फारसे कोणी नाही, असा कृपया काढू नये. सायकल हे पूर्वीपासून ओझ्याचेही वाहन आहे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सेफ्टी सायकल आली, त्यानंतरच्या काही वर्षांतच फ्रेमचा चौकोनी आकार पक्का झाला, आणि आज मी पाठीवर आणलेली फ्रेम त्याच आकाराची आहे. तिचे माप सव्वाशेहून अधिक वर्षांत फारसे हललेले नाही, त्यामुळे ते अचानक आपल्यापुढे आले असेही म्हणता येणार नाही.

तेव्हा विनंती अशी, की सायकल मार्गाच्या प्रत्येक नव्या आराखड्यावर, तो कोणत्या मापाच्या सायकलीसाठी आखला आहे हे लांबी-रुंदीसह लिहावे, आणि ते माप ओझ्यासह सायकलीचे असावे. ते एकदा लिहिले की फट, वळण, जिना, पन्हळ या सगळ्यांचे आकडे त्यातूनच निघतील आणि तपासणाऱ्यालाही कशाशी ताडून पाहायचे ते कळेल. आज असलेल्या चौकटी एकदम उखडता येणार नाहीत हे मला समजते. पण ज्या मार्गावर मोटारसायकलींची तक्रार नाही तिथल्या तरी पहिल्यांदा काढाव्यात, आणि जिथे मोटारी अडवणे खरोखर आवश्यक आहे तिथे त्या जागी १.५ मीटर अंतरावर खांब लावावेत. 'उतरून चालावे' ही पाटी निदान त्या ठिकाणची काढावी जिथे उतरून चालणारा मावतच नाही. जाळीच्या पट्ट्या आडव्या फिरवून बसवण्याचे काम तर देखभालीच्या नेहमीच्या फेरीत होण्यासारखे आहे.

फ्रेम सध्या माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. आतून गंज खरवडून तेल सोडायचे आहे, आटे साफ करायचे आहेत आणि १२६ मिलिमीटरचे मागचे चाक आणि चिमट्यात बसणारे पुढचे चाक शोधायचे आहे, तेव्हा ती रस्त्यावर यायला अजून महिना तरी जाईल. तोपर्यंत ती पुन्हा पाठीला बांधून त्याच वाटेने न्यायला मी तयार आहे. आपल्यापैकी कोणी अभियंता पहिल्या चौकटीपाशी आला तर मी त्या दिवसासारखीच बांधणी करून येईन, आणि एका चौकटीतून फ्रेम मी नेईन, दुसरीतून त्यांनी न्यावी. मोजपट्टी माझ्याकडे आहे. दिवस आणि वेळ आपण कळवावी.

कळावे,

आपली नम्र,
एक सायकलस्वार